ॲड्रिनलिन कुठून येतं, किती येतं, आणि त्याच्या नावावर काय काय खपतं

मागून अचानक कर्कश हॉर्न वाजला आणि छातीत धस्स झालं, की आपण लगेच म्हणतो, 'ॲड्रिनलिन सुटलं'. सुटलं असेलही, पण ते धस्स होणं त्याचं नव्हे. हृदयाला सतत आवरून धरणारी व्हेगस नावाची नस असते. तिने लगाम सैल केला की पुढचाच ठोका लवकर पडतो. पाठोपाठ दोन-चार सेकंदांत हृदयाला थेट जाणाऱ्या सिंपथेटिक नसा, म्हणजे शरीराला तातडीच्या कामासाठी सज्ज करणाऱ्या नसा, कामाला लागतात. ॲड्रिनल ग्रंथीतून निघालेल्या ॲड्रिनलिनला मात्र लांबचा रस्ता आहे: ग्रंथीची शीर, मग महाशीर, हृदयाची उजवी बाजू, फुप्फुसं, डावी बाजू आणि तिथून धमन्यांवाटे सगळीकडे. यात दहाएक सेकंद तरी जातात. म्हणजे ॲड्रिनलिन पोचतं तेव्हा पहिला धक्का ओसरत आलेला असतो.

मग या ग्रंथीच्या गाभ्याचं, म्हणजे ॲड्रिनल मेड्युलाचं, नेमकं काम काय? माझ्या मते तिच्याकडे 'भीतीची ग्रंथी' म्हणून पाहण्यापेक्षा 'इंधन पुरवणारी ग्रंथी' म्हणून पाहिलं, तर तिच्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. पळायचं की लढायचं हे वर्णन वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या सुमारास रूढ केलं. ते चुकीचं नाही, पण त्यात नसांचं काम आणि ग्रंथीचं काम एकाच खात्यावर जमा झालं, आणि अजूनही होतं.

ग्रंथी कसली, नसेचंच टोक

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. वजन प्रत्येकी चार-पाच ग्रॅम. बाहेरचा पिवळसर भाग म्हणजे कॉर्टेक्स, आतला तपकिरी-करडा भाग म्हणजे मेड्युला. मेड्युला एकूण ग्रंथीच्या जेमतेम दहावा हिस्सा. दोघांचं कूळ वेगळं आहे. कॉर्टेक्स गर्भाच्या मधल्या थरातून बनतो. मेड्युलाच्या पेशी मात्र न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे चेतासंस्थेच्या पेशी जिथून येतात तिथूनच निघतात आणि प्रवास करत कॉर्टेक्सच्या पोटात शिरतात.

या पेशींना क्रोमाफिन पेशी म्हणतात, कारण क्रोमियमच्या क्षारांत बुडवल्यावर त्या तपकिरी होतात. आतल्या हार्मोनचं ऑक्सिडीकरण होऊन तो रंग येतो. जातीने त्या सिंपथेटिक चेतापेशीच आहेत, फक्त त्यांना लांब शेपूट फुटलेलं नाही. इतर ठिकाणी सिंपथेटिक मार्गात दोन पेशी असतात. पहिली मज्जारज्जूतून निघते आणि वाटेतल्या गुच्छात संपते, दुसरी तिथून अवयवापर्यंत जाते. मेड्युलाच्या बाबतीत पहिली नस मध्ये न थांबता थेट ग्रंथीत येते, आणि दुसऱ्या पेशीच्या जागी क्रोमाफिन पेशी असते. तिला अवयवापर्यंत पोचायला तंतू नाही, म्हणून ती आपला माल रक्तातच सोडते.

याचा थेट परिणाम असा, की मेड्युलाचा ताबा पूर्णपणे नसेकडे आहे. थायरॉइडला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचं हार्मोन लागतं, कॉर्टेक्सला तिचंच एसीटीएच हे हार्मोन लागतं. मेड्युलाला लागते ती छातीच्या भागातल्या मज्जारज्जूतून स्प्लँक्निक नसांमधून येणारी विजेची लहर. मानेच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसाची ग्रंथी धडधाकट असते, पण मेंदूचा हुकूम तिथवर पोचतच नाही. अशा व्यक्तीची शुगर घसरली तरी ॲड्रिनलिन फारसं वाढत नाही. उलट भरलेल्या मूत्राशयासारखी तुटलेल्या जागेच्या खालून येणारी साधी संवेदना मात्र खालच्या खालीच सिंपथेटिक नसांना पेटवून बीपी धोकादायक पातळीवर नेऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णाचं बीपी अचानक चढलं तर गोळी शोधण्याआधी त्याला उठवून बसवावं, कपडे सैल करावेत आणि कॅथेटर तुंबलाय का ते पाहावं.

पिशवीच्या आत

कच्चा माल टायरोसिन हे अमिनो आम्ल. ते आहारातून मिळतं किंवा यकृत फेनिलॲलनिनपासून बनवतं. पुढे चार पायऱ्या आहेत. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम टायरोसिनचं डोपा करतं. ही सर्वांत संथ पायरी, सगळ्या कारखान्याचा वेग हीच ठरवते. तिला लोह आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन लागतं, आणि तयार माल साठला की तोच माल या एन्झाइमला दाबतो. दुसऱ्या पायरीत बी6 जीवनसत्त्वाच्या मदतीने डोपाचं डोपामिन होतं. इथवर सगळं पेशीद्रवात चालतं.

आता डोपामिन पिशवीत भरलं जातं. पिशवीच्या भिंतीवरचे पंप आत हायड्रोजन आयन ढकलून आतलं वातावरण आम्लधर्मी ठेवतात, पीएच साधारण 5.5. बाहेर पडू पाहणाऱ्या त्या आयनांच्या बदल्यात व्हीमॅट नावाचा वाहक डोपामिन आत ओढतो. पिशवीतच तिसरी पायरी होते: डोपामिन बीटा हायड्रॉक्सिलेज, तांबं आणि क जीवनसत्त्व मिळून डोपामिनचं नॉरॲड्रिनलिन करतात. शरीरात क जीवनसत्त्व सर्वांत दाट ज्या ऊतींमध्ये असतं, त्यांत ॲड्रिनल ग्रंथी आहे, त्याचं एक कारण हे. (म्हणून क जीवनसत्त्वाच्या जास्त गोळ्या खाल्ल्याने तणाव सोसण्याची ताकद वाढते, असं मात्र नाही. कमतरता नसेल तर एन्झाइमला आणखी क जीवनसत्त्वाची गरज नसते.)

चौथी पायरी विचित्र आहे. नॉरॲड्रिनलिनचं ॲड्रिनलिन करणारं पीएनएमटी हे एन्झाइम पिशवीत नसून बाहेर पेशीद्रवात असतं. त्यामुळे नॉरॲड्रिनलिन पिशवीतून पाझरून बाहेर येतं, तिथे त्याला एक मिथाइल गट चिकटतो आणि तयार झालेलं ॲड्रिनलिन पुन्हा पिशवीत भरलं जातं. हे पाझरणं अपघाती नाही, ते अहोरात्र चालू असतं. पुढे तपासण्यांचा विषय येईल तेव्हा याचं महत्त्व कळेल.

पिशवीत हार्मोनचं प्रमाण अर्धा ते एक मोलर इतकं दाट असतं. एवढे सुटे रेणू असते तर पाणी आत खेचलं जाऊन पिशवी फुटली असती. तसं होत नाही, कारण एटीपी, कॅल्शियम आणि क्रोमोग्रॅनिन ही प्रथिनं त्या रेणूंना बांधून ठेवतात. पिशवी रिकामी होते तेव्हा हे सगळं एकदमच बाहेर पडतं. सोबत एन्केफॅलिनसारखे वेदनाशामक पेप्टाइडही असतात.

रिकामी होण्याची कृती चेतापेशीसारखीच. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हा निरोप्या रेणू येतो, तो पेशीवरच्या निकोटिनिक ग्राहकावर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, बसतो, सोडियम आत शिरतो, पेशीच्या पटलावरचा विद्युतभार पालटतो, कॅल्शियमची दारं उघडतात, आणि कॅल्शियम शिरताच पिशव्या पटलाशी एकजीव होऊन रित्या होतात. सगळा मामला हजारांश सेकंदांचा. ताण लांबला तर नसेतून पीएसीएपी नावाचं पेप्टाइडही सुटतं. ते पेशीला जागतं ठेवतं आणि नवा माल बनवण्याची एन्झाइमंही वाढवतं.

कॉर्टेक्सच्या पोटात का?

पीएनएमटी भरपूर बनायला कॉर्टिसॉल हे कॉर्टेक्सचं हार्मोन लागतं, आणि तेही रक्तात एरवी असतं तेवढं पुरत नाही. कॉर्टेक्समधून निघालेलं रक्त मेड्युलातून झिरपत मधल्या शिरेकडे जातं, त्यामुळे क्रोमाफिन पेशींना मिळणारं कॉर्टिसॉल सर्वसाधारण रक्ताच्या सुमारे शंभरपट असतं. म्हणूनच माणसाची मेड्युला साधारण 80 टक्के ॲड्रिनलिन आणि 20 टक्के नॉरॲड्रिनलिन सोडते, तर तशाच जातीच्या इतर सिंपथेटिक पेशी नॉरॲड्रिनलिनवरच थांबतात.

ॲडिसनच्या आजारात, किंवा कॉर्टिसॉल बनवायला लागणाऱ्या 21-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत, कॉर्टेक्स कॉर्टिसॉल बनवत नाही. रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच, गोळ्या देऊन रक्तातली पातळी भरून काढता येते, पण मेड्युलाला हवं असलेलं शंभरपट प्रमाण गोळीने मिळत नाही. अशा रुग्णांचं ॲड्रिनलिन कमीच राहतं. विशेषतः लहान मुलांमध्ये ताप, उलट्या किंवा उपास पडला की शुगर घसरण्याचा धोका जास्त असतो, आणि त्या घसरणीची धडधड-थरथर ही सूचनाही पुसट येते. अशा मुलाच्या आजारपणात स्टेरॉइडचा डोस वाढवा असं सांगितलं जातंच, त्याच्या जोडीला थोड्या-थोड्या वेळाने गोड खायला द्या हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

किती आलं की काय होतं

विश्रांतीत, आडवं पडलेलं असताना, रक्तात ॲड्रिनलिन दर मिलिलिटरला साधारण 20 ते 50 पिकोग्रॅम असतं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. नॉरॲड्रिनलिन 200 ते 400 च्या घरात असतं, पण ते बहुतांश मेड्युलाचं नसतं. शरीरभरच्या सिंपथेटिक नसांच्या टोकांशी सांडलेलं उरलंसुरलं रक्तात आलेलं असतं.

निरोगी माणसांना शिरेतून हळूहळू ॲड्रिनलिन देऊन कोणता परिणाम कधी सुरू होतो हे मोजलेलं आहे. 50 ते 100 पिकोग्रॅमला नाडी वाढू लागते. 75 ते 125 ला वरचं बीपी चढतं आणि चरबी विरघळून रक्तात यायला लागते. 150 ते 200 ला रक्तातली साखर आणि लॅक्टेट वाढतं. नॉरॲड्रिनलिनचे असेच परिणाम दिसायला मात्र 1,800 च्या आसपास पातळी लागते. रोजच्या जगण्यात तेवढी पातळी क्वचितच येते. म्हणजे ॲड्रिनलिन खरोखरीचं हार्मोन आहे, आणि नॉरॲड्रिनलिन मुख्यतः नसेच्या टोकाशी जागच्या जागी काम करणारा निरोप्या.

आणखी एक फरक अवयवांवर दिसतो. नॉरॲड्रिनलिन बहुतेक रक्तवाहिन्या आवळतं. थोड्या प्रमाणातलं ॲड्रिनलिन स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या उलट सैल करतं, कारण तिथे वाहिन्या सैल करणारे बीटा-2 ग्राहक आहेत. म्हणून वरचं बीपी चढतं, पण खालचं थोडं उतरतं. प्रमाण खूप वाढलं की वाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक वरचढ ठरतात आणि सगळंच आवळलं जातं. अल्फा-बीटा ही विभागणी रेमंड ॲहल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडली, आणि पुढे जेम्स ब्लॅक यांनी बनवलेली बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा ग्राहक अडवणारी, औषधं याच विभागणीवर उभी राहिली.

यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर होऊन रक्तात येते. स्नायूतलं ग्लायकोजेनही फुटतं, पण स्नायूकडे ती साखर मोकळी करणारं एन्झाइम नाही. तो ती स्वतःच वापरतो आणि लॅक्टेट बाहेर टाकतो, ते यकृत उचलून त्याची पुन्हा साखर करतं. त्याच वेळी स्वादुपिंडातलं इन्सुलिन अल्फा-2 ग्राहकांमार्फत दाबलं जातं. श्वासनलिका रुंदावतात, आतडं मंदावतं, बाहुल्या मोठ्या होतात, हात थरथरतात.

दोन परिणाम मात्र दवाखान्यात हमखास फसवतात. बीटा-2 मुळे रक्तातलं पोटॅशियम स्नायूंमध्ये शिरतं, त्यामुळे खूप वेदनेत किंवा घाबरलेल्या अवस्थेत घेतलेल्या नमुन्यात पोटॅशियम अर्ध्या मिलिमोलने किंवा त्याहूनही कमी दिसू शकतं. लगेच पोटॅशियम चढवलं आणि ताण ओसरला, तर ते गरजेपेक्षा वर जातं. तसंच, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी ॲड्रिनलिनमुळे प्रवाहात उतरतात. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जंतुसंसर्गच, असं दरवेळी नसतं.

आणि घाम? घर्मग्रंथींना जाणाऱ्या नसा सिंपथेटिक असल्या तरी त्यांचा निरोप्या ॲसिटिलकोलिन आहे. दरदरून फुटणारा घाम मुख्यतः त्या नसांचा, ॲड्रिनलिनचा नव्हे. हे लक्षात ठेवायचं कारण अगदी व्यवहारी आहे. मधुमेह असलेल्या माणसाला बीटा ब्लॉकर चालू असेल तर शुगर घसरल्यावरची धडधड आणि थरथर झाकली जाते, पण घाम येतोच. म्हणून अशा व्यक्तीला 'विनाकारण घाम आला की आधी शुगर तपासा' हे एवढं एकच वाक्य नीट समजावून सांगावं.

काम झालं की ॲड्रिनलिन झटपट संपतं. रक्तातलं अर्धं प्रमाण दोन-तीन मिनिटांत नाहीसं होतं. पेशी ते उचलून घेतात, सीओएमटी आणि एमएओ ही एन्झाइमं ते मोडतात, आणि शेवटी व्हीएमए होऊन लघवीवाटे बाहेर जातं. 'सकाळच्या भांडणाचं ॲड्रिनलिन अजून अंगात आहे' असं कुणी संध्याकाळी म्हणालं, तर ते रसायनशास्त्राला धरून नाही. मन तीच गोष्ट पुन्हा उगाळतं आणि नस पुन्हा चेतते, हे खरं कारण.

सगळा ताण सारखा नसतो

उभं राहिलं की पाच मिनिटांत रक्तातलं नॉरॲड्रिनलिन सुमारे दुप्पट होतं, ॲड्रिनलिन फारसं हलत नाही. थंडीतही मुख्य काम नसांचंच. मेड्युलाला खऱ्या अर्थाने जागं करते ती घसरलेली साखर. दमछाक करणाऱ्या व्यायामात ॲड्रिनलिन बरंच वाढतं, पण शुगर 50 च्या खाली गेली तर ते विश्रांतीच्या दहा-वीसपट किंवा अधिकही होऊ शकतं. ही इंधनाची ग्रंथी आहे असं वर म्हटलं ते यामुळेच.

शुगर घसरताना शरीर पायरीपायरीने सावध होतं. 80-85 मिलिग्रॅमच्या आसपास इन्सुलिन थांबतं. 65-70 ला ग्लुकागॉन (यकृताला साखर सोडायला लावणारं स्वादुपिंडाचं हार्मोन) आणि ॲड्रिनलिन सुटतं. 55 च्या आसपास माणसाला लक्षणं जाणवतात, त्याखाली मेंदूचं भान सुटू लागतं. टाइप 1 मधुमेहात पहिल्या दोन तटबंद्या राहत नाहीत. इन्सुलिन बाहेरून दिलेलं असतं, ते आतून थांबवता येत नाही, आणि काही वर्षांत शुगर घसरल्यावरचं ग्लुकागॉनही सुटेनासं होतं. सगळी भिस्त ॲड्रिनलिनवर.

इथेच मोठी गोची होते. शुगर एकदा घसरली की पुढच्या वेळी ॲड्रिनलिन सुटायला ती आणखी खाली जावी लागते. वारंवार घसरली तर ही पातळी इतकी उतरते की धडधड व्हायच्या आधीच माणूस बरळायला लागतो. ग्रंथी संपलेली नसते, मेंदूने धोक्याची रेषा खाली सरकवलेली असते. त्यामुळे उपायही तिथेच आहे. दोन-तीन आठवडे शुगर एकदाही 70 च्या खाली जाऊ दिली नाही, तर सूचना बऱ्याच अंशी परत येते. त्या काळात सरासरी शुगर थोडी वर राहिली तरी चालवून घ्यावं. घसरलीच तर 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा 15 ग्रॅम.

कॉर्टिसॉलला लोक याच दावणीला बांधतात, पण त्याचं वेळापत्रक निराळं. हायपोथॅलॅमस, पिट्युइटरी, मग कॉर्टेक्स असा निरोप फिरतो. कॉर्टिसॉल आधी साठवलेलं नसतं, मागणीनुसार बनतं, आणि त्याचा कळस ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी येतो. त्याचे बरेच परिणाम जनुकांमार्फत होतात म्हणून ते तासांचे असतात. 'ॲड्रिनल थकलीय' असं निदान करून विकली जाणारी चूर्णं आणि पूरकं या दोन्हींपैकी कशालाच धरून नाहीत. ताणाने ग्रंथी थकते असा आजार अंतःस्रावी विज्ञानात नाही. अशक्तपणा, वजन घटणं, त्वचा काळवंडणं, मीठ खावंसं वाटणं, उभं राहिल्यावर चक्कर, अशी लक्षणं असतील तर ॲडिसनचा आजार शोधावा, त्यासाठी सकाळचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच देऊन करायची चाचणी आहे. लाळेच्या चार नमुन्यांचा रंगीत आलेख त्याची जागा घेऊ शकत नाही.

मेड्युलाची गाठ

क्रोमाफिन पेशींची गाठ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. विरळ आहे, पण निदान चुकलं तर जिवावर बेततं. झटक्याने येणारी डोकेदुखी, घाम आणि धडधड, सोबत चढलेलं बीपी, हे ठरलेलं चित्र. प्रत्यक्षात काही जणांचं बीपी कायम चढलेलं असतं, तर काहींना काहीच होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ सापडते. अशा अवचित सापडलेल्या गाठीची घनता औषध न देता काढलेल्या सीटीत 10 हाउन्सफील्ड एककांहून जास्त असेल, तर मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रिनलिन मोडून बनणारा पदार्थ, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तोवर सुईने तुकडा काढणं तर नकोच.

तपासणी ॲड्रिनलिनची का करत नाहीत? कारण गाठ ॲड्रिनलिन लहरीप्रमाणे सोडते. झटका नसताना नमुना घेतला तर आकडा बिनधोक दिसेल. पण पिशव्यांमधून माल सतत पाझरत असतो, आणि क्रोमाफिन पेशीत सीओएमटी असल्यामुळे पाझरलेल्या मालाचा काही भाग तिथेच मेटानेफ्रिन आणि नॉर्मेटानेफ्रिन बनून अखंड रक्तात येत राहतो. झटका असो नसो. म्हणून रक्तातलं मुक्त मेटानेफ्रिन किंवा चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन तपासतात.

नमुना घेण्यात मात्र फार ढिलाई दिसते. रुग्णाला वीस ते तीस मिनिटं आडवं झोपवून मगच रक्त घ्यावं. बसून घेतलं तर नसांमधल्या नॉरॲड्रिनलिनमुळे नॉर्मेटानेफ्रिन खोटंच वाढलेलं दिसतं. बसून घेतलेला अहवाल नॉर्मल आला तर विश्वास ठेवायला हरकत नाही, वाढलेला आला तर झोपवून पुन्हा करायचा. आधी औषधांची चौकशी हवी. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी नैराश्यविरोधी औषधं, व्हेनलाफॅक्सिन आणि फिनॉक्सिबेंझामिन आकडे वाढवतात, आणि काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत पॅरासिटामॉलही गोंधळ घालतं. वरच्या मर्यादेपेक्षा थोडंसं जास्त आलेलं बहुतेक वेळा गाठीमुळे नसतं. तीन-चारपट किंवा अधिक आलं तर ते क्वचितच खोटं असतं.

गाठ ठरली की औषधांचा क्रम चुकवायचा नाही. आधी अल्फा ब्लॉकर: फिनॉक्सिबेंझामिन 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून हळूहळू वाढवत, किंवा डॉक्साझोसिन. शस्त्रक्रियेआधी सात ते चौदा दिवस. रक्तवाहिन्या सैल झाल्या की आतली जागा वाढते, ती भरायला भरपूर पाणी आणि मीठ. नाक चोंदलं, उभं राहिल्यावर बीपी थोडं उतरू लागलं, की औषध लागू पडतंय असं समजावं. नाडी फार धावत असेल तरच, आणि अल्फा ब्लॉकर बसल्यावर तीन-चार दिवसांनीच, बीटा ब्लॉकर. क्रम उलटा केला तर स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल ठेवणारे बीटा-2 ग्राहक बंद होतात, अल्फाला मोकळं रान मिळतं आणि बीपी भयंकर चढतं. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्याला सहज प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं आणि बीपी उतरण्याऐवजी उसळलं, तर ही गाठ मनात यायला हवी. लॅबेटॅलॉल 'अल्फा-बीटा दोन्ही' म्हणून सुरक्षित वाटतं, पण त्यात बीटाचा जोर जास्त, म्हणून सुरुवात त्याने नको. मळमळीसाठी दिलेलं मेटोक्लोप्रमाइडही झटका आणू शकतं.

शस्त्रक्रियेत गाठ हाताळताना बीपी उसळतं, तिची शीर बांधली की कोसळतं. नंतरचे एक-दोन दिवस शुगरवर नजर ठेवावी लागते, कारण इतके दिवस दाबलेलं इन्सुलिन अचानक मोकळं होतं. रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश किंवा अधिक जणांत दोष आनुवंशिक असतो, म्हणून जनुकीय तपासणी सगळ्यांनाच सुचवतात. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या तर कॉर्टेक्सच्या हार्मोनांच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन जन्मभर घ्यावं लागतं. ॲड्रिनलिन द्यावं लागत नाही. नसा आणि ग्लुकागॉन मिळून रोजचं काम निभावतात.

कुपीतलं ॲड्रिनलिन

जोकिची ताकामिने यांनी ते 1901 च्या सुमारास स्फटिकरूपात जगापुढे आणलं, 1904 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. गोळी करून उपयोग नाही, आतडं आणि यकृत ते रक्तात पोचण्याआधीच मोडतात.

तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफायलॅक्सिसमध्ये, पहिलं औषध तेच. 1:1000 तीव्रतेच्या, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या कुपीतून मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. त्वचेखाली दिलं तर ते तिथल्या रक्तवाहिन्या आवळून स्वतःचाच रस्ता बंद करतं, म्हणून स्नायूतच. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत, दम लागत असेल तर बसू द्यावं, पण एकदम उभं करू नये. हृदय बंद पडल्यावर शिरेतून देतात ते 1:10,000 तीव्रतेचं, 1 मिलिग्रॅम म्हणजे 10 मिलिलिटर, दर तीन ते पाच मिनिटांनी. या दोन तीव्रतांची अदलाबदल ही या औषधाची सर्वांत घातक चूक. नाडी लागत असलेल्या माणसाला 1:1000 ची कुपी थेट शिरेतून गेली, तर हृदयाचे ठोके बिघडण्यापासून मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून ट्रेमध्ये दोन्ही कुप्या शेजारी ठेवू नयेत, आणि भरलेल्या सिरिंजवर तीव्रता मिलिग्रॅममध्ये लिहावी.

रुग्णाला बीटा ब्लॉकर चालू असेल तर ॲड्रिनलिन अपुरं पडू शकतं. तेव्हा ग्लुकागॉन 1 ते 5 मिलिग्रॅम शिरेतून पाच मिनिटांत सावकाश द्यावं. ते बीटा ग्राहकाला वळसा घालून हृदयाच्या पेशीत तोच संदेश पोचवतं. त्याने उलटी होते, मान एका कुशीला वळवून ठेवावी. कुपीतलं द्रव गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं आहे. ती टाकून द्यावी आणि दुसरी उघडावी.